टेबल क्रमांक एक

४ ऑगस्ट

चिंगे,

हे नाव तुझ्या तिकडच्या कुणाला माहीत नसणार, म्हणून मुद्दाम लिहिलं. पाकिटावर तुझं मोठं नाव घातलंय, काळजी नको. तुझी पत्रं आधी तुझी मदतनीस फोडते असं ऐकलं. फोडू दे. जिच्या चित्रांसमोर लोक माना तिरक्या करून उभे राहतात तिला घरी चिंगी म्हणत आणि नऊ वर्षांची होईपर्यंत ती अंगठा चोखायची, हे तिलाही कळू दे.

सतरा वर्षांनी लिहिते आहे. आई गेली, पंधरा दिवसांनी तू गाडी आणून तिचं कापड कापायचं टेबल घेऊन गेलीस, त्यानंतर आपण बोललो नाही. मला वाटलं होतं, आता थेट एकीच्या मरणाची बातमी दुसरीला जाईल. पण मध्येच अभ्यासक्रम आला.

मी अजून त्याच शाळेत अकरावीला चित्रकला शिकवते. यंदापासून नवं आहे: आजच्या काळात काम करणारे कलावंत घ्यायचे आणि त्यांच्या एकेका चित्रातून एकेक तंत्र मुलांच्या हातात उतरवायचं. कल्पना चांगली आहे. इतकी वर्षं फुलदाणी आणि सफरचंद काढून मुलं कंटाळली होती, सफरचंदंही कंटाळली होती. पहिल्या धड्यातला माणूस भिंतभर कोळशाने चित्र काढतो आणि तेच पुसत पुसत त्यातून दुसरं बाहेर काढतो. दुसऱ्या धड्यातली बाई जुने शर्ट उसवून त्याच धाग्यांनी चेहरे शिवते. तिसरा धडा पत्र्यावरच्या गंजाचा. चौथा उघडला, तर तू.

पान भरून फोटो. केस पांढरे ठेवलेस ते बरं केलंस, शोभतात. समोरच्या पानावर 'टेबल क्रमांक एक'. खाली लिहिलंय की खडबडीत पृष्ठभागावर कागद पसरून, वरून खडू घासून खालच्या खुणा वर आणण्याचं तंत्र या कलावतीने वेगळ्याच उंचीवर नेलं. आपण त्याला नुसतं 'घासणं' म्हणायचो. आईच्या टेबलावर माप उतरवायच्या दातेरी चाकाच्या वीस वर्षांच्या खुणा होत्या, कात्रीचे ओरखडे होते, टाचण्यांची भोकं होती. त्यावर तिचाच खाकी कागद पसरायचा, तिचाच निळा खडू आडवा धरून घासायचा, की तिने शिवलेल्या शेकडो गणवेशांच्या बाह्या आणि कॉलरी एकावर एक उमटायच्या. हे आधी कुणाला सुचलं ते तुला माहीत आहे. 'क्रमांक एक' म्हणून जो कागद तू जगाला दाखवतेस तो कुणाचा, तेही तुला माहीत आहे.

त्या कागदावर खाली उजवीकडे एक मोकळी जागा आहे, जिथे काहीच उमटलेलं नाही. तिच्याबद्दल तुझं वाक्य पुस्तकात छापलंय: 'ही माझ्या आईची अनुपस्थिती आहे.' मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. आवाज जराही हलला नाही, हे तुला कळायला हवं. अगं, तो कागद झाला तेव्हा आई धडधाकट होती, दिवसाला चार गणवेश हातावेगळे करत होती. कुठली अनुपस्थिती?

वीस सप्टेंबरला तू आमच्या शाळेत येणार म्हणून मुख्याध्यापिकांचे पाय जमिनीवर नाहीत. प्रत्येक कलावंताने एका शाळेत जाऊन मुलांचं काम बघायचं, अशी योजना आहे म्हणे. यादीत आमच्या शाळेचं नाव वाचून हो म्हणालीस की न वाचता, तेवढं कळव. दोन्ही उत्तरांसाठी माझी तयारी वेगवेगळी आहे.

कलाशिक्षिका, अकरावी


१२ ऑगस्ट

चिंगे,

उत्तर नाही. बरं. धड्याची प्रगती मात्र मी कळवत राहीन.

माझ्या वर्गात एक नियम आहे. चित्राचा अर्थ आधी बोलायचा नाही. आधी ते चित्र रेघेला रेघ उतरवून काढायचं, मग तोंड उघडायचं. अर्थ काय, फळ्यावरच्या डागाचाही सांगता येतो. रेघ काढून दाखवावी लागते. तुझ्यासारखे कलावंत शिकवताना हा नियम फार उपयोगी पडतो.

ते चित्र ज्यांच्याकडे आहे त्या संग्रहालयाने शाळांना 'क्रमांक एक'ची मूळ आकाराची छापील प्रत पाठवली आहे. तुझ्या जाडजूड पुस्तकांत ते चित्र तळहाताएवढं असतं. ही प्रत धरायला तिघं लागतात. ती भिंतीवर लावली, मुलांना खाकी कागद आणि निळे खडू वाटले आणि घासायला शाळेची जुनी बाकं दिली. बाकांवर पंचवीस वर्षांची बदामं, शिव्या आणि गणिताची सूत्रं कोरलेली आहेत, त्याहून चांगलं काय मिळणार?

पंधरा मिनिटांत कुरकुर सुरू झाली. रेघा जमेनात. मूळ चित्रातल्या रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतात आणि पोरांच्या नेमक्या उलट पडत होत्या. जमत होत्या त्या फक्त एकीला. तिला वर्ग 'प्रश्नपत्रिका' म्हणतो, कारण ती तोंड उघडते ते प्रश्न विचारायलाच. ती डावखुरी आहे.

"बाई," ती म्हणाली, "हे चित्र काढणाऱ्या माझ्यासारख्या डावखुऱ्या आहेत ना?"

"तुला काय वाटतं?"

"आहेतच. पण मग धड्याच्या व्हिडिओत त्या उजव्या हाताने का घासतात?"

मी खडूंचा डबा आवरायला घेतला, कारण मला हसू फुटत होतं. माझ्या सव्वीस वर्षांच्या भांडणाचा निकाल सोळा वर्षांच्या पोरीने दोन वाक्यांत लावला होता. मी एवढंच म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. वहीत लिहून ठेव, वीस तारखेला त्यांनाच विचारू." आणि वळून फळ्यावर तारीख घातली. मागे कुजबुज झाली तेव्हा लक्षात आलं, की सगळे माझ्या डाव्या हाताकडे बघत होते.

तर वीस तारखेला असं होईल. सभागृहात एक टेबल असेल, त्यावर खाकी कागद आणि निळा खडू. समोर पालक, मुख्याध्यापिका, दोनचार वर्तमानपत्रवाले. मी अगदी अदबीने उठेन आणि म्हणेन, मॅडम, मुलांना 'क्रमांक एक'चा एवढासा कोपरा करून दाखवता का? उजव्या हाताने केलास तर रेघा उलट पडतील. डाव्या हाताने केलास तर कागद फाटेल. मग प्रश्नपत्रिका हात वर करेल.

ठरव कुठल्या हाताने तोंडावर पडायचं ते.

कलाशिक्षिका, अकरावी


२१ ऑगस्ट

चिंगे,

तुझ्या मदतनिसाचं उत्तर आलं. 'मॅडम दौऱ्यावर आहेत. आपल्या भावना त्यांच्यापर्यंत पोचवल्या जातील.' माझ्या भावना पोचवायला मदतनीस कशाला, टपाल तिकीट पुरतं.

ती वाचतेच आहे तर तिच्यासाठी सगळं पहिल्यापासून लिहिते. तू सांगितलं नसणारच.

ऐका हो मदतनीसबाई. आम्ही दोघी बहिणी, मी वीस वर्षांची, तुमच्या मॅडम सतरा. आई शिंपीण; घराच्या पुढच्या खोलीत गणवेश आणि पडदे शिवायची. एका सुट्टीत मी सहज तिच्या टेबलावर कागद घासला आणि आम्हाला वेडच लागलं. दोघींनी मिळून पन्नासेक कागद केले. मी शिस्तीने करायची: चारी कोपऱ्यांवर वजनं, एकीकडे इस्त्री, एकीकडे खडूचा डबा, दोन बाजूंना दोन जाड शब्दकोश, म्हणजे कागद सरकत नाही. तुमच्या मॅडम कागदावर गुडघे टेकून बसायच्या आणि सगळं फिसकटून टाकायच्या. आई मधूनच ओरडायची, "माझ्या कागदांचा सत्यानाश करा तुम्ही!" केलेले कागद कपाटावर ढिगात पडायचे. नाव घालायची पद्धत नव्हती, घरातल्या घरात कोण नाव घालतं?

कला महाविद्यालयात आमच्या भागासाठी शिष्यवृत्तीची एकच जागा होती. अर्ज दोघींनी केला. ढिगातला सगळ्यात चांगला कागद कोणता, यावर आमचं दोघींचं एकमत होतं. डावखुऱ्या रेघांचा. आता आमच्या घरात डावखुरी मी एकटी. मी पोस्टात जायच्या दिवशी ढीग उपसला, तर कागद नाही. मॅडमनी आदल्या दिवशीच तो स्वतःच्या नावाने रवाना केला होता. मी जाब विचारला, तर मॅडम म्हणाल्या, "ताई, पन्नास कागद आहेत. कोणता कागद कुणाचा, कोण सांगणार?"

निवड झाली. वर्तमानपत्रात चित्रासकट फोटो आला. मी आईला म्हणाले, "बघ, तुझी धाकटी चोर निघाली." आईने पेपर हातभर लांब धरला, खूप वेळ बघितला आणि हसली. म्हणाली, "छान आलंय की! कुणी का घासलं असेना."

म्हणजे तीही तुमच्या मॅडमच्या बाजूची. त्या दिवसानंतर नऊ वर्षं मी आईजवळ राहिले. शेवटची दोन ती अंथरुणावर होती. अंघोळ, औषधं, भरवणं, सगळं मी केलं. त्यात कुणी बोट ठेवू शकणार नाही. एवढंच.

वाटणीत मॅडमनी टेबल नेलं आणि त्यावर उजव्या हाताने नाव कमावलं. मला आईची कात्री उरली. ती मी कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, सतरा वर्षांत सोडून बघितली नाही.

कलाशिक्षिका, अकरावी


३० ऑगस्ट

चिंगे,

एक विचारायचं होतं. कापत असतानाचे आईचे हात तुला आठवतात का? कात्री उजव्या हातात असायची, ते मलाही आठवतं. पण मध्येच कापडावर खूण करायची झाली तर ती काय करायची?

उगीच विचारते. घाई नाही.

धडा नीट चालला आहे. प्रश्नपत्रिका हल्ली फारच प्रश्न विचारते. त्या मोकळ्या जागेशी तिचं काय अडलंय कोण जाणे. मी तिला सांगितलं, मोकळी जागा हा रचनेचा भाग असतो, पुढच्या पानावर जा.

क. शि.


६ सप्टेंबर

चिंगे,

तुझं पत्र मिळालं. मदतनिसाचं नाही, तुझं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळी शेवटाकडे वर चढतात.

'ताई, तो कागद तुझा होता. मला तेव्हाही माहीत होतं. यादीत शाळेचं नाव वाचूनच मी हो म्हटलं. वीस तारखेला सगळ्यांसमोर सांगते, संग्रहालयालाही कळवते. सव्वीस वर्षं उशीर झाला. चिंगी.'

किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. हे शब्द तुझ्या तोंडून ऐकायचे म्हणून मी काय काय ठरवलं होतं! तुला रडवायचं होतं. भर सभेत तुझा चेहरा उतरलेला बघायचा होता. आणि तू एवढ्याशा कागदावर, हिशोबी माणसाच्या नीटसपणाने, सगळं देऊन मोकळी झालीस. मला माझं भांडणसुद्धा पुरतं भांडू दिलं नाहीस.

पण ठीक आहे. मला मान्य आहे. वीस तारखेला सांग. माफी मात्र मागू नकोस. माफी मागितली की लोक मागणाऱ्याच्याच प्रेमात पडतात. नुसतं उभं राहायचं, 'हे चित्र माझ्या ताईचं आहे' म्हणायचं आणि खाली बसायचं. मी उठून मान हलवीन. मी त्या दिवशी काय नेसायचं तेही ठरवून ठेवलंय, हसू नकोस.

आणखी एक. त्या मोकळ्या जागेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही. पुढच्या बाकावरच्या डावखुऱ्या मुलीने विचारलं तर मुळीच नाही.

ताई


११ सप्टेंबर

चिंगे,

माझं आधीचं पत्र फाडून टाक. तुझी कबुली पत्ता चुकून माझ्याकडे आली आहे.

अठ्ठावीस ऑगस्टला वर्गात काय झालं ते मी तुझ्यापासून लपवलं. प्रश्नपत्रिकेचा कागद बाकावर सारखा सरकत होता. ती वैतागली. "बाई, यांनी कागद कशाने धरला असेल?" मी म्हणाले, कोपऱ्यांवर वजनं ठेवून. ती म्हणाली, "मग कोपरे कोरे राहिले असते. इथे चारी कोपरे घासलेत." आणि ती भिंतीशी गेली, आपला उजवा हात पंजा टेकवून त्या मोकळ्या जागेवर ठेवला.

"हात आहे हा, बाई. डाव्या हाताने घासलं आणि उजव्याने कागद दाबून धरला."

वर्गाने "अरे!" केलं. पण तिचं समाधान झालं नव्हतं. मोकळी जागा तिच्या पंजाच्या पुढे आणखी वीतभर जात होती. पंजाच्या बाजूला कड मऊ होती, खडू बोटांवरून घसरत गेलेला. पुढे मात्र कड सरळ आणि कडक होती, खडू कशालातरी आपटून थांबला असावा अशी. "हातात काहीतरी होतं," ती म्हणाली. "लोखंडी असणार. पण कागद दाबायचाच होता तर ते खाली का नाही ठेवलं?"

घंटा झाली म्हणून मी वाचले.

शाळा सुटल्यावर घरी गेले, कपाटातून फडकं काढलं आणि तशीच परत आले. वर्गाला आतून कडी घातली, ती प्रत भिंतीवरून उतरवून जमिनीवर पसरली आणि कात्री त्या मोकळ्या जागेवर ठेवली. बसली, चिंगे. पात्यांच्या टोकापासून मुठीच्या कड्यांपर्यंत, केसाचाही फरक नाही. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. शिपाई दार वाजवून गेला, तरी उठले नाही.

उजव्या हातात कात्री, डाव्या हातात खडू. असंच उभी असायची ती दिवसभर. आपण सांगायचो, अगं आई, घटकाभर कात्री ठेव. ती म्हणायची, "खाली ठेवली की परत उचलावी लागते." आपल्या दोघींना त्या कात्रीला हात लावायची बंदी होती, कागद कापून धार घालवाल म्हणून. मग ती माझ्या हातात कुठून असणार? तुझ्या तरी कुठून? लिहायची उजव्या हाताने, जेवायची उजव्या हाताने, म्हणून तिला कुणी डावखुरी म्हटलं नाही. उलट ही थोरली कुणावर गेली म्हणून माझीच चेष्टा चालायची. मला कुणी विचारलं असतं, तुला हा कागद घासल्याचं आठवतं का, तर मी शपथेवर हो म्हणाले असते. तिरक्या रेघा बघितल्या आणि माझ्या मानल्या.

एखाद्या दुपारी आपण दोघी बाहेर असताना, दोन गणवेशांच्या मध्ये, तिलाही वाटलं असेल, बघू तरी पोरी काय करतात. खडू हातात होताच. एका दमात घासला असेल कागद, वजनं नाहीत, काही नाही, आणि गुपचूप ढिगात सरकवून परत कामाला लागली असेल. तो ढिगातला सगळ्यात चांगला कागद. तू माझा समजून चोरलास आणि मी माझा समजून सव्वीस वर्षं रडले.

पेपर हातभर लांब धरून ती का हसली ते मला आता कळलं. मी तिसऱ्या पत्रात लिहिलं, एवढंच. एवढंच नव्हतं. नऊ वर्षं मी तिचं सगळं केलं, पण तिच्याशी कामापुरतंच बोलले. 'औषध घे', 'कूस बदल', 'तोंड उघड'. तिने एकदोनदा विषय काढला होता, "अगं, तो धाकटीचा कागद..." आणि मी दर वेळी उठून गेले. तिला सांगायचं होतं, चिंगे. मी सांगू दिलं नाही.

आणि हे सगळं कळल्यावरही मी तुझी कबुली घ्यायला निघाले होते. का नाही? मला कोण अडवणार होतं? परवा वह्या तपासायला घेतल्या. प्रश्नपत्रिकेने मी सांगितल्याप्रमाणे मुकाट्याने पुस्तकातलं उतरवलं होतं: 'मोकळी जागा: कलावतीच्या आईची अनुपस्थिती.' मी लाल पेन्सिलीने त्यावर बरोबरची खूण केली. खूण केली आणि त्या खुणेकडे बघत बसले. कोणता कागद कुणाचा, कोण सांगणार, असं म्हणणारी तू एकटी नव्हतीस. दुसरी मी होते, आणि मी तर शिक्षिका.

आज वर्गात जाऊन ती खूण खोडली. "हे चूक आहे आणि ते मी तुला शिकवलं," म्हणाले. पिशवीतून कात्री काढून चित्रावर ठेवली. अठ्ठावीस मुलं उभी राहून बघत होती.

"कुणाची आहे, बाई?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

मी सांगितलं. तुझंही सांगितलं, माझंही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचं नाव कुणीच नाही घातलं?"

ताई विरघळली असं तुला वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही. माझं चोरलं असतंस, तर कबुली देऊन तू सुटली असतीस. लोकांनी तुझ्या प्रामाणिकपणाला टाळ्या वाजवल्या असत्या आणि रात्रीपर्यंत तू आणखी मोठी झाली असतीस. तो रस्ता मी बंद केला. संग्रहालयाला पत्र गेलं आहे, सोबत कात्री ठेवलेल्या प्रतीचा फोटो, खाली अठ्ठावीस मुलांच्या सह्या. त्यात लिहिलंय की हे चित्र तुझं नाही आणि माझंही नाही. उभ्या जन्मात माझ्याकडे एकच गाऱ्हाणं होतं. तुला बुडवायला ते मी स्वतःच्या हाताने बुडवलं.

तिने जिथे हात टेकला होता, नेमक्या त्याच जागेवर बोट ठेवून तू गावोगाव सांगत फिरलीस की इथे माझी आई नाही. यावर काय कबुली देणार आहेस, ते मला बघायचंय.

ताई


१८ सप्टेंबर

चिंगे,

तुझे चार फोन येऊन गेले. उचलले नाहीत. येत नाही असं सांगायला केले असशील तर मला ऐकायचं नव्हतं, आणि येते म्हणायला केले असशील तर ये.

सभागृह तयार आहे. मुलांनी आपापल्या घरातून कागद घासून आणलेत: कुणी स्वयंपाकघराचा ओटा, कुणी वडिलांचं सुतारकामाचं बाक, एकाने आजोबांची काठी. वजनं कुणीच ठेवली नाहीत. मी सांगितलं होतं, कागद हातानेच धरा आणि हातात जे असेल ते राहू द्या. त्यामुळे प्रत्येक चित्रात एक मोकळी जागा आहे. एकीत पळी दिसते, एकीत पट्टी. एकीत नुसता लहान हात आहे. तो धाकट्या बहिणीचा आहे, असं तो कागद आणणारी मुलगी म्हणाली, धरायला बहिणीला बसवलं होतं. या वर्गाला हे तंत्र तुझ्यापेक्षा चांगलं येतं, हे मी शिक्षिका म्हणून लिहून देते.

मध्यभागी 'क्रमांक एक'. खालची पट्टी प्रश्नपत्रिकेने लिहिली आहे. आईचं पूर्ण नाव, त्याखाली 'शिंपीण', त्याखाली 'खाकी कागद, निळा खडू, उजव्या हातात कात्री'. मुख्याध्यापिका घाबरल्या. पाहुण्यांना काय वाटेल म्हणाल्या. मी म्हटलं, पाहुण्यांनाच विचारू.

कार्यक्रम असा आहे. तुझं स्वागत होईल. मग प्रश्नपत्रिका हात वर करेल आणि विचारेल, "मॅडम, ही मोकळी जागा कसली आहे?" उत्तर तिला माहीत आहे, मला माहीत आहे, एव्हाना संग्रहालयालाही माहीत आहे. तरीही ते तुझ्याच तोंडून यायला हवं, आणि तू बोलेपर्यंत कुणी टाळी वाजवणार नाही. मुलांना तशी ताकीद दिली आहे. त्यानंतर ती मलाही विचारणार आहे, की आई सांगत होती तेव्हा बाई तुम्ही उठून का गेलात. हा प्रश्न तिला मीच दिला आहे. तू एकटी उभी राहणार नाहीस, चिंगे. पण बसायला खुर्ची तुलाही मिळणार नाही आणि मलाही नाही.

मग मी कात्री तुझ्या हातात देईन. उजव्या. ती तू सगळ्यांसमोर जागेवर ठेवायची. वजनदार आहे, आधी सांगून ठेवते. आई असेपर्यंत आपण दोघींनी ती कधी उचललीच नव्हती.

या पत्राखालची सही माझी आहे. तपासून घे हवी तर, डाव्या हाताची आहे.

ताई